पावसाचे माप
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काही जणींना नवल वाटले असेल. पाऊस मोजण्याची यंत्रे हा विषय महिला मंडळात कशाला, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातच आहे. मृगाची एक दांडगी सर येते. शेजारच्या शेतात तिफण चालू झाली म्हणून आपल्याही शेतात चाड्यावर मूठ धरली जाते. मग पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते, उगवलेले कोंब माना टाकतात आणि दुबार पेरणीची पाळी येते. बी पुन्हा आणायचे तर पैसा हवा. अशा वेळी घरातून जे सोनाराकडे जाते ते बहुधा बाईच्या अंगावरचेच असते. आणि दुसऱ्यांदा वाकून सरकी लावायची तीही बाईनेच. तेव्हा पाऊस किती झाला आणि पुढे होईल काय, हे समजून घेण्याचा अधिकार सर्वांआधी आपला आहे.

आपल्या भाषेत पावसाला शब्द किती! भुरभुर, रिमझिम, सर, झड, धो धो, मुसळधार. हे शब्द गोड आहेत, पण ते माप नव्हेत. एकीला जो जोराचा वाटला तो दुसरीला बेताचा वाटतो. रात्री पत्र्यावर ताशा वाजत होता म्हणून आपण खूप पाऊस झाला म्हणतो आणि सकाळी शेतात बोटभरही ओल सापडत नाही. उलट, दिवसभर आवाज न करता लागलेली झड जमीन खोलवर भिजवते. कानाने पाऊस मोजता येत नाही. त्याला भांडेच लागते.

हे भांडे आपल्या देशाला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे की, राज्याच्या धान्यकोठारापाशी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवून त्यात पाऊस मोजावा. त्याच ग्रंथात निरनिराळ्या प्रदेशांत किती पाऊस पडतो तेही दिले आहे. त्यात अश्मक देशाचे नाव येते. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश, म्हणजे आपल्या शेजारचाच मुलूख. कोकणाबद्दल तर तेथील पावसाला मोजमापच नाही असे म्हटले आहे! कुंड ठेवायला जागा कोठली सांगितली आहे पाहा. राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे, तर धान्याचे कोठार. पावसाचा हिशेब हा अखेर धान्याचा हिशेब आहे, हे त्या काळच्या माणसांनी ओळखले होते.

आता पाऊस मोजतात म्हणजे काय करतात ते पाहू. वर्तमानपत्रात "किनवट येथे २५ मिलिमीटर पाऊस" असे वाचतो. त्याचा अर्थ असा की, पडलेले पाणी वाहून गेले नसते, जमिनीत मुरले नसते आणि वाफ होऊन उडाले नसते, तर सपाट जागेवर सगळीकडे २५ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर साचला असता. जुनी माणसे ह्यालाच एक इंच पाऊस म्हणतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. तेव्हा २५ मिलिमीटर पावसाने एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. घरच्या हिशेबात सांगायचे तर वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटर पाणी येते; पंधरा लिटरचा हंडा धरला तर तेरा हंडे. वैशाखात डोक्यावरून हंडे वाहिलेल्या बाईला हा हिशेब फोड करून सांगावा लागत नाही.

पर्जन्यमापक हे यंत्र दिसायला अगदी साधे आहे. वर फनेल म्हणजे नरसाळे, खाली पाणी साठवण्याचे भांडे आणि सोबत खुणा केलेली काचेची मापनळी. नरसाळ्यामुळे साठलेले पाणी उन्हाने उडत नाही. यंत्राचे तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच ठेवतात, म्हणजे जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जात नाहीत. ते झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवून चालत नाही. जवळच्या झाडाची अगर घराची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते असावे. भारतात रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजतात, आणि तो मागील चोवीस तासांचा पाऊस समजला जातो. २५ मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा धरतात. आता माणसाने न मोजता आपोआप नोंद करणारी यंत्रेही आहेत. त्यांत दोन लहान पळ्यांचा एक झोका असतो. एक पळी भरली की ती कलंडते आणि दुसरी वर येते. किती वेळा कलंडली ह्यावरून पाऊस किती ते कळते.

ह्या मापाचा शेताला उपयोग काय? परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगत असतात की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. हा सल्ला आपण ऐकतो आणि सोडून देतो. कारण आपल्या शेतात ७५ झाला की ३० झाला हे सांगायला आपल्यापाशी काही साधन नसते. दारात माप असेल तर शेजारच्या तिफणीकडे पाहून निर्णय करावा लागत नाही. मृगात १८, पुढे ११, मग २२ अशी वहीत बेरीज करीत गेले, की ५१ वर हात आखडता घ्यावा हे घरातील शाळकरी मुलगीही सांगेल.

येथवर पडलेल्या पावसाची गोष्ट झाली. पडणारा पाऊस आधी कसा ओळखावा, हा अधिक अवघड प्रश्न आहे. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, चंद्राला खळे पडले, मीठ ओलसर झाले, ह्या आपल्या जुन्या खुणा आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. त्या कोणी तरी लक्षपूर्वक पाहून ठेवल्या आहेत. हवामानशास्त्राची यंत्रेही हेच करतात. फरक एवढाच की ती आकड्यांत बोलतात आणि त्यांचा आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

हवेतील ओलावा मोजण्याची युक्ती तर आपल्या माठात आहे. चैत्रात माठातले पाणी गारेगार होते आणि श्रावणात तोच माठ गार करीत नाही. कारण श्रावणात हवा आधीच ओली असते, माठावरचे पाणी उडत नाही. वेधशाळेत दोन तापमापक शेजारी ठेवतात. एक कोरडा आणि दुसऱ्याच्या तळाशी ओले फडके. ओला तापमापक कोरड्यापेक्षा फार खाली गेला तर हवा कोरडी. दोघे जवळजवळ सारखे झाले तर हवा ओलाव्याने भरलेली. हे तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवतात, म्हणजे त्यांना ऊन लागत नाही पण वारा मिळतो. ओलावा मोजण्याचे आणखी एक यंत्र ऐकून आपल्याला मौज वाटेल. ते माणसाच्या केसावर चालते! केस ओल्या हवेत किंचित लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. जिनिव्हाच्या सोस्यूर ह्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात त्यावरून यंत्र बनविले.

दुसरे यंत्र वायुभारमापक. हवेलाही वजन असते. समुद्रसपाटीला हा भार साधारण ७६० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. पाऱ्याच्या जागी आता विद्युत यंत्रे येत आहेत. पण मोजायचे तेच. जेथे भार कमी तेथे चोहोकडची हवा धावून येते, वर चढते, थंड होते, आणि तिच्यातील बाष्पाचे ढग होतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की तो पुष्कळदा ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावरून आत सरकतो आणि विदर्भ, तेलंगणा व आपला किनवट-माहूरचा डोंगराळ भाग ह्यांना पाऊस देतो. अरबी समुद्रावरचे वारे बरेचसे पाणी सह्याद्रीवरच सांडून येतात. म्हणून मराठवाड्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांना जी टंचाई तेवढी आपल्याकडे नसते. मराठवाडा सगळा एक म्हणून चालत नाही, ते ह्यामुळे.

तिसरी गोष्ट वारा. दिशा दाखविणारा बाण आणि वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आपण कोठे तरी गच्चीवर पाहिल्या असतील. पण ढग जमिनीवर नसतात, म्हणून वरच्या हवेचीही विचारपूस करावी लागते. त्यासाठी नागपूर, हैदराबाद अशा केंद्रांवरून फुगा सोडतात. त्याला एक लहानशी पेटी बांधलेली असते. फुगा वर चढत जातो तसतशी ती पेटी तेथील उष्णता, ओलावा आणि दाब बिनतारी संदेशाने खाली कळविते. पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच ह्या आपल्या वेळा. आणि त्याच क्षणी जगभरची केंद्रे आपापले फुगे सोडतात. देशादेशांत भांडणे असली तरी हवेची बातमी सगळे एकमेकांना देतात, कारण ढगाला सरहद्द नसते.

ह्याशिवाय रडार आहे. किनवट स्टेशनात शिरणाऱ्या आगगाडीची शिट्टी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की तीच शिट्टी जाड होते, हे आपण अनुभवले आहे. डॉप्लर रडार हेच तत्त्व वापरते. ते लहरी पाठविते, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि त्यांतील फरकावरून ढग आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे ते समजते. आभाळाच्याही वर इन्सॅट मालिकेतील उपग्रह आहेत. त्यांतील इन्सॅट-३डीएस हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला गेला. ही सारी माहिती मोठ्या संगणकांत भरतात. संगणक देशाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात पुढे काय होईल त्याचे गणित करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत हा चौकोन सुमारे ६ किलोमीटरचा आहे. त्याआधी तो १२ किलोमीटरचा होता. चाळणी बारीक झाली म्हणजे पीठ चांगले येते, तसेच हे.

ही यंत्रे नेमकी असावीत म्हणून जिने आयुष्य वेचले अशा एका बाईचे नाव मी येथे मुद्दाम सांगणार आहे. अण्णा मणी ह्यांचा जन्म १९१८ साली केरळातील पीरमेड येथे झाला. बंगळुरात सर चंद्रशेखर रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवर संशोधन केले. प्रबंध लिहून झाला; पण एम. एस्सी.ची पदवी नाही एवढ्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. त्या खचल्या नाहीत. लंडनला जाऊन हवामानाच्या यंत्रांचा अभ्यास करून आल्या आणि १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर साधा तापमापकही आपल्याला विलायतेहून आणावा लागे. अण्णा मणींनी सुमारे शंभर यंत्रांचे प्रमाणित आराखडे तयार करविले, म्हणजे ती येथेच बनू लागली. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असा त्यांचा बाणा होता. हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदापर्यंत जाऊन १९७६ साली त्या निवृत्त झाल्या आणि २००१ मध्ये निवर्तल्या. आजही पावसाचा आकडा वाचताना त्यामागे ह्या बाईचा हात आहे हे आपण ध्यानात ठेवावे.

आता अंदाज वाचावा कसा, ते सांगते. "खात्याने पाऊस सांगितला आणि पडला नाही" अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. कधी अंदाज चुकतोही. परंतु पुष्कळदा आपले वाचणे अपुरे असते. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे त्या भागातील फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. आणि "सर्वदूर" म्हणजे त्याहून अधिक. तुरळक ठिकाणी म्हटले असता आपले गाव वगळले गेले, तर अंदाज खोटा ठरत नाही. रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा. आणि एप्रिलमध्ये साऱ्या देशाच्या मोसमी पावसाचा जो अंदाज येतो, तो आपल्या तालुक्याचा नव्हे. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात. ती भरली तरी एखादा तालुका कोरडा राहू शकतो. पेरणीला उपयोगी तो चार-पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज आणि कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी व शुक्रवारी येणारा सल्ला. मोबाईलवर "मेघदूत" हे ॲप मराठीतून तो देते, आणि वीज पडण्याचा इशारा "दामिनी" देते. कापूस वेचताना वा गुरे राखताना ज्या भगिनी उघड्यावर असतात, त्यांच्या घरातील एका तरी मोबाईलवर दामिनी असावेच.

दुसऱ्या गावचा पाऊसही आपल्याला महत्त्वाचा आहे. आपली पैनगंगा बुलढाण्याकडून येते. येथे ऊन पडलेले असताना वर वाशिम-हिंगोलीकडे जोराचा पाऊस झाला आणि इसापूर धरणातून पाणी सोडले, की सहस्रकुंड गर्जू लागते आणि काठची शेते पाण्याखाली जातात. वरच्या गावांतील पर्जन्यमापक हा खालच्या गावांचा पहारेकरी असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावांत पाणी शिरून माणसे दगावली. पाण्याला चालायला वेळ लागतो आणि बातमीला लागत नाही. जी काही आशा आहे ती ह्या दोहोंच्या अंतरात आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपले जसे महिला मंडळ, तसे सरकारचे महसूल मंडळ असते. त्या मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी समजतात, आणि नुकसानीच्या पंचनाम्याची पुढची वाट त्या आकड्यावरून सुरू होते. पीक बुडाल्यावर आपण आभाळाला हात दाखवितो, पण कचेरीत आकडा विचारला जातो. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत आणि मंडळवार आकडे रोज प्रसिद्ध होतात. ते पाहायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. डोंगराळ मुलखात एका नाल्याच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे ऊन असते. केंद्रावर जो पडला तोच आपल्या तांड्यावर पडला असे नाही. आपल्या वहीतला आकडा सरकारी आकड्याच्या जागी चालणार नाही, हे खरे. पण रोज नीट लिहिलेली वही हातात असली म्हणजे बाई अधिकाऱ्यासमोर "खूप पाऊस झाला साहेब" एवढेच न म्हणता, कोणत्या तारखेला किती झाला हे सांगू शकते; आणि वेळेवर सांगू शकते.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात सायमन्स नावाच्या गृहस्थाने गावोगावच्या साध्या लोकांना पाऊस मोजायला लावले. १९०० साली तो वारला तेव्हा असे तीन हजारांवर लोक रोज नोंद करीत होते. आपल्या सरकारी पर्जन्यमापकालाही त्याचेच नाव आहे. तीन हजार नकोत, आपण दहा जणींनी आरंभ करू. मंडळाच्या खर्चाने एक चांगला पर्जन्यमापक घ्यावा आणि तो मोकळ्या जागी बसवावा. वाड्या-तांड्यांवरच्या भगिनींनी तूर्त सपाट बुडाची, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची बरणी घ्यावी. तीत साचलेले पाणी फूटपट्टीने मोजले की तोच पाऊस. मात्र बरणीवर नरसाळे ठेवले आणि त्याचे तोंड बरणीच्या दुप्पट रुंद असले, तर पाणी चौपट उंच चढेल. तेव्हा आलेल्या आकड्याला चारने भागावे. वेळ एकच, सकाळी साडेआठ. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. कोरी जागा सोडू नये, कारण शून्य हीसुद्धा नोंद आहे आणि कोरी जागा ही विसर आहे. नजरेने अंदाज करून आकडा भरू नये. महिन्याच्या बैठकीत सगळ्यांच्या वह्या समोर ठेवाव्यात आणि बेरजा फळ्यावर लिहाव्यात.

पाऊस आपल्या हातात नाही. तो मागावा लागतो, त्याची वाट पाहावी लागते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितले आणि ते खरेच आहे. पण पडलेला पाऊस मोजणे आणि येणाऱ्याची बातमी ठेवणे हे आपल्या हातात आहे. घरात किती शेर धान्य आहे हे जी बाई न पाहता सांगते, तिला आपल्या शेतात किती मिलिमीटर पाणी पडले हे सांगणे अवघड नाही. पुढील वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या दहा गावांच्या पावसाचा तक्ता छापला जावा, आणि त्या वर्षी आपल्यापैकी कोणाचेही डोरले दुबार पेरणीसाठी सोनाराकडे जाऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करते. 

जय हिंद!